दे दयाळा, पाणी

आईची वाचा गेली तेव्हा सर शांत होते. ती थोडीशी परत आली, तेव्हा मात्र त्यांचा तोल सुटला.

सर म्हणजे चष्मेवालीचे वडील. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. घरातही तेच रुळलं आणि मुलीच्या तोंडचं 'बाबा' कधी गळून पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाठीमागे लोक त्यांना 'पुरावा सर' म्हणत. कुणी म्हटलं, आज पाऊस येणार, की सर विचारायचे, "पुरावा काय?" कुणी म्हटलं, सासूने मला फार छळलं, तरी तेच. लेक लहान असताना पोट दुखतं म्हणाली तर तिलाही ते कुठे, कसं आणि कशावरून ते आधी सांगावं लागायचं. तोवर बिचारीचं पोट दुखायचं थांबलेलं असायचं.

ही एकुलती एक लेक पुढे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसू लागली, म्हणून ती चष्मेवाली. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. निम्मी गिऱ्हाइकं बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत आल्यावर न दिसणारी अक्षरंही खुशाल ठोकून देतात. माणसाला दिसतं किती आणि पाठ किती, ह्याचा तिला चांगला अंदाज होता. बाप आणि मामा ह्या दोघांपुढे मात्र ह्या अंदाजाचा काडीचा उपयोग झाला नाही.

आईला झटका आला तो कपडे वाळत घालताना. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. समजत सगळं होतं. नुसता शब्द सापडत नव्हता. काही सांगायला तोंड उघडायची, आणि 'त… त… त' एवढंच बाहेर यायचं. मग ती डावा हात चादरीवर आपटायची आणि रडायची.

सरांनी तिचं सगळं केलं, हे कबूल करायलाच हवं. डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, डोक्याच्या फिल्म खिडकीशी धरून स्वतः पाहिल्या, तिचं तोंड पुसलं, आयुष्यात पहिल्यांदा तिची वेणी घातली. वाकडी घातली, पण घातली. जन्मात स्वतःचा रुमाल स्वतः न शोधलेला माणूस बायकोचं भांडं उचलू लागला, तेव्हा चष्मेवालीच्या मनातले जुने हिशेब बरेच मिटले.

घरी आणल्यावर एके दिवशी सकाळी चष्मेवालीने खिडकीचा पडदा सारला. उजेड आईच्या तोंडावर आला, आणि मागून आवाज आला, स्वच्छ, लहान मुलीसारखा:

"दे दयाळा, दिवस नवा. दे दयाळा, हाती दिवा. दे दयाळा, घास मुखी. दे दयाळा, सगळे सुखी."

चष्मेवाली पडदा धरून उभीच राहिली. जन्मात कधी न ऐकलेले शब्द, आणि ते आपल्या आईच्या तोंडून! आईसुद्धा दचकली होती. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा जमलं, आणि ती अर्ध्या तोंडाने हसू लागली. तेवढ्यात सर दारात आले. हातात चहाचा कप होता. कप तसाच राहिला.

"हे कुठून आलं?" ते म्हणाले.

कुठून येणार? आडात होतं ते पोहऱ्यात आलं. आईचं माहेर भाविक होतं, आणि भाविकाहूनही जास्त कडक होतं. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना झाल्याशिवाय पोरांना घास मिळत नसे. सरांची गोष्ट उलटी. त्यांची धाकटी बहीण तापाने गेली तेव्हा सगळं घर तिच्याभोवती प्रार्थना करत बसलं होतं, आणि डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत होता. तेव्हापासून सरांनी देव टाकला. तो घाव खरा होता, त्याची चेष्टा करू नये. पण दुसऱ्यांच्या घावावर खपली धरते. सरांच्या घावावर नियम धरले. लग्न नोंदणीनेच होणार. घरात देव नाही, प्रार्थना नाही. इतकंच काय, बोलता बोलता 'देव जाणे' म्हणायचीसुद्धा बंदी. सरळ 'माहीत नाही' म्हणायचं. आईने सगळं कबूल केलं. प्रेमात पडलेलं माणूस काय वाटेल ते कबूल करतं. माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं, त्यात पुढाकार तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा होता.

दवाखान्याकडून घरी येणारी थेरपिस्ट बाई तरुण, बडबडी आणि बारा महिने सर्दी झालेली. तिला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच.

"सलग बोलल्या? अहो, मग तोंड गोड करा आधी! मला वाटलं होतं, काहीच उरलं नाही."

तिने समजावून सांगितलं. विचार करून शब्द शोधायचा रस्ता खचला आहे. पण लहानपणी पाठ झालेलं मेंदूत दुसरीकडे असतं. ते दार उघडं राहिलं आहे. आता त्या मागच्या दाराने आत शिरायचं. 'दे दयाळा' एवढं त्यांनी म्हणायचं, मग थांबायचं, आणि पुढे त्यांना हवा तो शब्द बसवायचा. "माझ्याकडे एक आजोबा आहेत," ती नाक पुसत म्हणाली. "त्यांच्या फक्त शिव्या उरल्यात. मी त्यांना शिव्यांवरून भाजी मागायला शिकवलं. आता अख्खं ताट मागतात."

"मग हिलाही शिव्या शिकवा," सर म्हणाले. "शिव्या चालतील मला."

"तिला शिव्या येत नाहीत," चष्मेवाली म्हणाली.

बाईला वाटलं सर गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. पाढे घ्या, आठवड्याचे वार घ्या, माझं नाव घ्या, असं त्यांनी सुचवलं. बाईने सगळं करून पाहिलं. पाढे दुसऱ्या पायरीवर घसरले, वार आलेच नाहीत, आणि सरांचं नाव तर 'त… त…' च्या पुढे गेलं नाही. प्रार्थना तेवढी झऱ्यासारखी वाहायची. बाईने जाताना बजावलं, पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे. नंतर मेंदू आहे त्यावर समाधान मानतो, मग कुणी कितीही डोकं आपटा.

आईचं बोलणं परत येणार की नाही, एवढाच खरा प्रश्न त्या घरात होता. पण खऱ्या प्रश्नाकडे बघायला फुरसत कुणाला?

पहिला शब्द 'पाणी' होता. बाईने पेला समोर धरला, आईच्या मांडीवर बोटांनी ताल धरला. "दे दयाळा," आई म्हणाली, थांबली, ओठ जुळवले, कपाळावर घाम आला, "…पाणी." बाईने टाळ्या पिटल्या. चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आई गटागटा प्यायली, निम्मं गळ्यावर सांडलं, आणि पेला पुढे करून ताठ्यात पुन्हा म्हणाली, "दे दयाळा, पाणी!" सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली दुकानातून परतली तर सर आईच्या पलंगाशी बसलेले, हातात भरलेला पेला.

"नुसतं 'पाणी' म्हण," ते म्हणत होते. आवाज मऊ होता, वर्गातल्या मठ्ठ पोराशी बोलताना काढायचे तसा. "पा-णी."

"दे दयाळा, पाणी."

"दयाळा कोण? इथे कोण बसलंय? पाणी मी देतोय ना? मग माझ्याकडे माग."

"दे दयाळा…" आईचे ओठ सुकलेले होते. तिने डावा हात पुढे केला. सरांनी पेला जरासा मागे घेतला. फार नाही, वीतभर.

चष्मेवालीने पेला त्यांच्या हातातून हिसकावला. "किती वेळ चाललंय हे?"

"ती प्रयत्न करतेय. सवय लावली नाही तर…"

"तिला तहान लागलीय, सर! ह्याचासुद्धा पुरावा लागतो का तुम्हाला?"

सर उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुला नाही कळायचं. इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपली. मला वाटलं, हिला पटलंय. आणि हिच्या डोक्यात रोज सकाळी हे चाललेलं असायचं."

"मेंदूत असणं आणि मानणं वेगळं. तुम्हीच शिकवलंत."

"तोंडातून निघालं ना?" सर म्हणाले. जन्मभर पोरांना जे शिकवलं ते त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. चष्मेवालीला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही आली; राग जास्त आला.

भिंतीला कान असतात, आणि त्यांच्या भिंतीला तर शेजारीण होती. गोष्ट फिरत फिरत मामाच्या कानावर गेली. मामा म्हणजे नाव टाकण्यात पुढे असलेला तोच थोरला भाऊ. आता तो प्रार्थनागृहात प्रवचन करायचा आणि त्याचा शब्द तिथे खाली पडत नसे. इतक्या वर्षांत त्याने बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आता आला तो थेट पलंगाशी. बहिणीने त्याला पाहून 'दे दयाळा' म्हटलं आणि तो म्हातारा तिच्या उशीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. आईही रडली, म्हणून सरांनी त्याला बाहेर काढलं नाही. कोपऱ्यात खुर्ची घेऊन पहारा तेवढा दिला.

रडून झाल्यावर मामाने खिशातून फोन काढला.

"छोटे, पुन्हा म्हण बघू. माझ्याकडे बघून."

तो व्हिडिओ प्रार्थनागृहाच्या मंडळींत गेला. "त्या दयाळाने सगळी वाचा काढून घेतली," मामा प्रवचनात सांगू लागला, "आणि आपलं नाव तेवढं ठेवलं. नास्तिकाच्या घरात! ह्याहून मोठी साक्ष कोणती?" लोक फाटकाशी येऊन उभे राहू लागले. एक बाई तर आजारी पोर घेऊन आली, आईचा हात त्याच्या डोक्यावर ठेवा म्हणून. आईचा उजवा हात तर लुळा होता. बाईने स्वतःच उचलून ठेवला.

"मामा, काही लोकांच्या नुसत्या शिव्या राहतात," चष्मेवाली म्हणाली. "तीही साक्षच का?"

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की बापाच्या वळणावर गेलेली पोर, हिच्याशी काय बोलायचं.

तो रोज येऊ लागला. एकदा चष्मेवाली आईला पायमोजे चढवत असताना आई पेल्याकडे बघून म्हणाली, "दे दयाळा, पाणी." मामा चमकला.

"दिवस नवा," त्याने दुरुस्त केलं. "पाणी नाही, छोटे. दे दयाळा, दिवस नवा. नीट म्हण."

आईने पेल्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. लहानपणी घासासाठी म्हणायची तशी म्हणाली, "दिवस नवा."

"शाब्बास!" मामा म्हणाला. पेला स्टुलावर तसाच.

ह्याला काय म्हणावं? एकाला पाण्याअगोदरचा शब्द खुपत होता, दुसऱ्याला पाणीच खुपत होतं. दोघं मिळून एका तहानलेल्या बाईला कोरडं ठेवत होते, आणि दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं. प्रेम नसतं तर निदान त्यांना हाकलून देता आलं असतं.

थेरपिस्ट बाई भोळी. तिला वाटलं, नीट समजावून सांगितलं की माणसं समजतात. तिने दोघांना समोर बसवून पुढची पायरी सांगितली. आता 'दयाळा' हळूहळू सोडायचं. आधी नुसतं गुणगुणायचं, मग त्या जागी बोटाने एक ठोका द्यायचा, मग नुसतं 'दे, पाणी'. पुढे 'दे'सुद्धा जाईल.

सरांचा चेहरा खुलला. म्हणजे थोडी कळ काढली असती तर 'दयाळा' आपोआपच जाणार होता! त्यांना हे आधी विचारायचं सुचलं नव्हतं. पुरावा मागणाऱ्याने प्रश्न तेवढा विचारला नव्हता.

मामाचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे देवाच्या नावाला धरून वर चढायचं, आणि वर पोचलं की त्यालाच लाथ?"

"लाथ नाही हो, काका," बाई घाईघाईने म्हणाली. "पाय बरा झाला की आपण कुबडी सोडतो ना, तसं."

"कुबडी!" मामा उभा राहिला.

"अगदी बरोबर शब्द!" सर कोपऱ्यातून म्हणाले. हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ते गप्प बसते तर सर कसले.

कुबडी ह्या एका शब्दाने होत्याचं नव्हतं झालं. मामा मोठ्याने बोलू लागला, सर त्याहून मोठ्याने. एक पलंगाच्या उशाशी, एक पायथ्याशी. बहीण तापाने गेली ते निघालं, नोंदणीचं लग्न निघालं, कुणी कुणाला पळवलं ते निघालं. बाई पर्स छातीशी धरून निघून गेली. चष्मेवालीने पुष्कळदा 'आता बस करा' म्हणून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती आईजवळ बसून तिला सूप भरवू लागली. जेवायची वेळ टळून गेली होती, आणि भांडणाने कुणाचं पोट भरत नाही.

आईने मुकाट्याने बरंच सूप घेतलं. डोक्यावरून दोन्हीकडून शब्द जात होते. मग चष्मेवालीने पुढचा चमचा तोंडाशी नेला, तो आईने डाव्या हाताने हळूच बाजूला केला आणि म्हणाली,

"पुरे."

दोघं गप्प झाले.

चष्मेवालीचा चमचा हवेतच राहिला. दयाळा नाही, दे नाही, ताल नाही, ठोका नाही. योग्य वेळी, योग्य जागी, आईचा स्वतःचा, स्वतः शोधून आणलेला शब्द! तिला ओरडावंसं वाटलं. बाईला फोन करावासा वाटला.

"ऐकलंत?" सर म्हणाले. "तुमची प्रार्थना पुरे, म्हणतेय. तिच्या तोंडून ऐका आता."

"तुझी घमेंड पुरे, म्हणतेय ती," मामा म्हणाला. "इतकी वर्षं सोसलं, आज बोलली."

"तिचं पोट भरलंय!" चष्मेवाली ओरडली. "सूप पुरे म्हणतेय ती! बोलली ती, कळतंय का तुम्हाला? आपलं आपण बोलली!"

दोघांनी एकदमच तिच्याकडे मान वळवली, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एक वाक्य एका सुरात निघालं.

"तुला काय कळतंय!"

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

थेरपिस्ट बाई परत आली नाही. देवाला कुबडी म्हणणारी ती हीच, असं म्हणत मामाची माणसं दवाखान्यातल्या तिच्या खोलीबाहेर घोळक्याने उभी राहिली. येणाऱ्या पेशंटांना परत पाठवू लागली. तिने फोन करून माफी मागितली आणि तो मधेच ठेवून दिला. रडत होती की सर्दी होती, कळलं नाही. चष्मेवाली सरांकडे गेली. तुम्ही तिच्या बाजूने उभे राहा, तुमचे एवढे विद्यार्थी आहेत, म्हणाली. सर म्हणाले, "कशाला? शिकवत तर प्रार्थनाच होती." मग मामाकडे गेली. तो म्हणाला, "उपचार हवेत कशाला? जे बोलायचं ते ती बोलली." इतक्या वर्षांच्या वैऱ्यांचं अखेर एका गोष्टीवर एकमत झालं.

नवीन माणूस मिळाला, तो लांबून यायचा आणि चित्रांचे पत्ते दाखवायचा. सरांची अट होती, प्रार्थनेचं अक्षर काढायचं नाही. आई चित्रांकडे बघायची, मान फिरवायची. काही दिवसांनी त्यानेही येणं सोडलं. महत्त्वाचे होते ते महिने असे गेले. प्रार्थनासुद्धा बंद झाली. आईने जरा ओठ हलवले की उशाशी एक कान पुढे यायचा, पायथ्याशी दुसरा, आपल्या बाजूचं काही निघतंय का ते ऐकायला. कोण बोलेल अशा घरात? तिने तोंडाला कुलूप घातलं. तिला आता येत नव्हतं की तिने टाकलं, हे चष्मेवालीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

'पुरे' मात्र खूप चालला. सरांनी विवेकावरच्या एका व्याख्यानात तो सांगितला. माझ्या पत्नीने आयुष्यभराच्या भीतीला दिलेलं उत्तर, म्हणाले, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. मामा प्रवचनात सांगतो, तेव्हा बायका पदराने डोळे पुसतात. दोघांकडेही पुरावा आहे. दोघांनीही तो आपल्या कानांनी ऐकला आहे.

चष्मेवाली दुकानातून येते, हात धुते, सूप गरम करते. आईच्या मानेखाली टॉवेल सारते. सर बाहेर वाचत असतात, मामा येऊन गेलेला असतो. चमचा पुढे केला की आई तोंड उघडते, पुन्हा केला की पुन्हा उघडते. पोट भरलं तरी उघडते, नाही भरलं तरी उघडते.

"आई, अजून देऊ?" चष्मेवाली विचारते.

आई तिच्याकडे बघत राहते. मग चष्मेवाली आपल्याच अंदाजाने थांबते.